हार्ड डिस्कचा पंचनामा

राज्यं तलवारीने मिळतात आणि दप्तराने टिकतात. राजे जातात, राजवाड्यांत वटवाघळं राहायला येतात, पण गावाची हद्द, शेताचा बांध आणि विहिरीवरचा हक्क लिहून ठेवलेला कागद मागे उरतो. तो कागद जो सांभाळतो, तोच खरा राज्यकर्ता. आमच्या तालुक्याचं दप्तर ज्या संगणकात होतं, त्याच्यावर फुलाफुलांचं प्लास्टिकचं आवरण होतं आणि तो सुरू करण्याचं बटण आत गेलेलं असल्यामुळे ते दाबायला पेन्सिल लागायची.

मी पेशाने शाळामास्तर. टंचाईच्या त्या उन्हाळ्यात मला तहसील कचेरीत प्रतिनियुक्तीवर धाडलं होतं, कारण एका प्रशिक्षणात बंद पडलेला प्रोजेक्टर मी सुरू करून दाखवला होता. खरं तर त्याचा प्लग निघाला होता आणि मी तो परत खोचला होता. पण सभागृहात साठ-सत्तर जण बसले होते आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मी तालुक्याचा संगणकतज्ज्ञ झालो आणि टंचाई कक्षात जाऊन बसलो. टंचाई कक्ष म्हणजे व्हरांड्यातली एक खोली. तीत एक टेबल, एक संगणक आणि एक रिकामा माठ.

लातूरला तेव्हा पाणी रेल्वेने येत होतं, आणि नांदेडात विष्णुपुरीच्या धरणात किती उरलंय हे लोक एखाद्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारायचे. आमचं तालुक्याचं गाव या दोहोंच्या मधे. जिल्ह्याने नांदेड, सोयरिकीने लातूर. आणि याच सुमाराला नवा जिल्हा होणार अशी आवई उठली होती. मुख्यालयाच्या मानाला आपल्याइतकं लायक गाव दुसरं नाही, याबद्दल आमच्या गावात दुमत नव्हतं. मागणी करणारी समिती होती, समितीचा फलक होता, फलकावर अध्यक्षांचा फोटो होता. कचेरीतले नायब तहसीलदार तर दोन पावलं पुढे होते. कोणत्या खोलीत जिल्हाधिकारी बसतील याचा नकाशा त्यांनी पट्टीने आखून काचेखाली ठेवला होता. त्या नकाशात टंचाई कक्षाच्या जागी शिपायांची खोली होती. शिवाय त्यांनी एक आदेश काढला होता: नव्या जिल्ह्याच्या विभाजनाच्या वेळी धावपळ नको, म्हणून सर्व शाखांनी आपापले अभिलेख वर्गवारी करून अभिलेख कक्षात जमा करावेत. आदेश सगळ्या टेबलांवर फिरला. सगळ्यांनी वाचल्याची सही केली. मीही केली.

मी सांगतोय तो शुक्रवार होता. टँकरचे प्रस्ताव यापुढे कागदावर घेणार नाही, नव्या संकेतस्थळावरच भरायचे, असं पत्र वरून आलं होतं. संकेतस्थळ आमच्या जुन्या संगणकावर उघडत नव्हतं. नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्याशिवाय ते उघडणार नव्हतं. आणि शुक्रवारी पाच वाजता यादी बंद होणार होती, कारण शनिवारी नांदेडला बैठक होती. पुढची बैठक पंधरा दिवसांनी.

आधीचे दोन दिवस मी शाळेत निकालपत्रकं भरत होतो. शुक्रवारी सकाळी दहाला कचेरीत आलो तर टंचाई कक्षाच्या दारात सरपंचबाई बसलेल्या. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, मांडीवर रेक्झिनची पिशवी. पिशवीत गावाचा शिक्का, शाईचं पॅड आणि भाकरी. त्यांचं गाव मुख्य रस्त्यापासून आत. दोन बोअर आटले होते, तिसऱ्यातून गाळ येत होता. गावच्या बायका शेजारच्या शिवारातल्या एका शेतकऱ्याच्या बोअरवरून पाणी आणत होत्या, आणि त्याने या आठवड्यात हात जोडून सांगितलं होतं की सोमवारपासून मोटार बंद, त्याची स्वतःची जनावरं तहानलीत.

"गुरुजी, आज भरायचं ना आमचं?" त्या म्हणाल्या.

"आजच भरायचं, मावशी. अर्ध्या तासाचं काम आहे."

हे वाक्य मी दहा वाजून दहा मिनिटांनी उच्चारलं.

त्यांच्या प्रस्तावातला जीव म्हणजे संयुक्त पाहणीचा अहवाल. तीन खात्यांचे तीन अधिकारी एकाच जीपमध्ये एकाच दिवशी गावात येऊन, कोरड्या विहिरीत डोकावून, ती कोरडी आहे असं लिहून देतात, तो. या तिघांना एका जीपमध्ये बसवायला सरपंचबाईंना महिना लागला होता. अहवालाची मूळ प्रत वर पाठवली होती. वर म्हणजे नेमकी कुठे, हे वरच्यांनाही सांगता येत नव्हतं. स्कॅन केलेली एकुलती एक प्रत आमच्या संगणकात होती, डिस्कच्या दुसऱ्या भागात. मी पहिला भाग पुसून त्यावर नवी सिस्टीम टाकणार होतो. दुसऱ्या भागाला हात लावायचा नाही, हे मी तळहातावर पेनाने लिहूनसुद्धा घेतलं होतं.

पेनड्राइव्ह लावला, पेन्सिलीने बटण दाबलं. निळा पडदा आला, भाषा विचारली, अटी मान्य आहेत का विचारलं. मी न वाचता मान्य केल्या. मग त्याने विचारलं, सिस्टीम कुठे टाकू? आणि खाली डिस्कची यादी दिसायला हवी तिथे एक रिकामा पांढरा चौकोन. त्याखाली एक ओळ: एकही ड्राइव्ह सापडला नाही.

मी बंद करून परत सुरू केलं. जगातल्या कोणत्याही यंत्रावर शाळामास्तर हा पहिला उपचार करतो. पुन्हा तोच चौकोन.

"काय म्हणून राहिलंय ते?" सरपंचबाईंनी विचारलं.

"हार्ड डिस्क सापडत नाही म्हणतंय. ज्यात सगळं साठवलेलं असतं ती."

"आमचा कागद हाय, तीच?"

"तीच."

"कामून सापडत न्हाई? आतच असंल की."

"आतच असते, मावशी."

"मंग उघडून बघा की."

मी त्यांना समजावून सांगितलं. डिस्क असणं वेगळं आणि ती सिस्टीमला दिसणं वेगळं, मधे एक कंट्रोलर असतो, त्याचा ड्रायव्हर असतो, नव्या सिस्टीमला जुन्या यंत्राची ओळख पटत नाही. मी बराच वेळ बोललो आणि चांगलं बोललो. त्या मान हलवत होत्या. नंतर अनेकदा मला ते भाषण आठवून कान गरम झाले आहेत.

नांदेडला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक मेकॅनिक माझ्या ओळखीचा होता. त्याला फोन लावला.

"सर, लिस्ट में क्या दिखरा?"

"काहीच नाही. रिकामा चौकोन."

"एकदम खाली?"

"एकदम."

"टेन्शन नक्को लेव सर. बायोसमधी जा."

बायोस म्हणजे संगणक जागा होताना आपल्या अवयवांची हजेरी घेतो ती जागा. तिथे जायला सुरू होताना एक बटण नेमक्या क्षणी दाबावं लागतं. तो क्षण पकडायला मला पाच वेळा बंद-चालू करावं लागलं. आत गेल्यावर मेकॅनिक म्हणाला, डिस्क चालवायच्या तीन पद्धती असतात, त्यातली दुसरी लावा. लावली. चौकोन रिकामा. तिसरी लावा. चौकोन रिकामा. पहिली परत लावा. प्रत्येक वेळी निळा पडदा, भाषा, अटी. मी त्या अटी इतक्या वेळा मान्य केल्या की माझ्यावर आता त्यांचा वंशपरंपरागत हक्क बसला असावा.

मग तो म्हणाला, ड्रायव्हर वेगळा उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. मोबाइलला रेंज व्हरांड्याच्या एकाच खांबापाशी यायची. मी खांबाला टेकून हात वर करून उभा राहिलो. येणारे-जाणारे माझ्याकडे पाहून जात. एकाने विचारलंही, "गुरुजी, शिक्षा झाली व्हय?" ड्रायव्हर उतरायला तासभर लागला. टाकला. संगणकाने तो सविनय घेतला आणि पुन्हा सांगितलं, एकही ड्राइव्ह सापडला नाही.

एव्हाना नायबसाहेब एकदा येऊन गेले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जिल्ह्याचं ठिकाण होणार आहे हे. अशानं कसं चालायचं?" आणि, "होत नसेल तर तसं लेखी द्या." मी लेखी दिलं असतं, पण लेखी द्यायचं तर टाइप करावं लागतं आणि टाइप करायचा संगणक हाच होता.

सरपंचबाई हलल्या नव्हत्या. बारा वाजता त्यांनी भाकरी सोडली, अर्धी मला दिली. बरोबर कांदा आणि लाल तिखट. पाण्याची बाटली त्यांनी घरून आणली होती. त्यातलेही दोन घोट त्यांनी माझ्यापुढे केले. ज्या गावासाठी मी पाणी मागणार होतो, त्या गावचं पाणी मी प्यायलो.

"सर," फोनवर मेकॅनिक पुन्हा म्हणाला, "बायोसमधी जा, अन् पोर्ट पे क्या लिखा है वो पढो."

"एकावर सीडीचा खण लिहिलंय. बाकी तिन्हींवर 'नन', म्हणजे काहीच नाही."

"तिन्हींवर?"

"तिन्हींवर."

तो म्हणाला, "फिर वायर लूज हुई सर. नै तो डिस्क गई."

"गेली म्हणजे?"

"गई मतलब गई, सर. डब्बा खोलके देखो."

फोनवरचं बोलणं सरपंचबाईंना ऐकू जात होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डबा उघडून बघा असं त्यांनी साडेदहालाच सांगितलं होतं, आणि त्यांच्याकडे मेकॅनिकचं दुकान नव्हतं.

मी टेबलाखाली शिरलो आणि भिंतीला चिकटवलेली ती पेटी बाहेर ओढली. मागच्या बाजूला पुरवठादाराचं कागदी सील होतं: फाटल्यास हमी रद्द. हमी कधीच संपली होती, पण सील कायम होतं. आता ते मधोमध कापलेलं होतं. सरळ रेषेत, ब्लेडने.

माझी चूक एवढीच की हे मी मोठ्याने म्हटलं. "सील कापलंय."

नायबसाहेब शेजारच्या खोलीतून असे आले, जणू नोकरीत लागल्यापासून याच शब्दाची वाट पाहत होते.

"हात लावू नका! कुणीही हात लावायचा नाही. ठसे असतील."

"साहेब, ठसे माझेच आहेत. मीच आत्ता ओढली."

"मग तेही नोंदवू," ते म्हणाले.

शासकीय मालमत्तेचं सील तुटलेलं, म्हणजे पंचनाम्याशिवाय पेटी उघडता येणार नाही, असा त्यांनी निर्णय दिला. घड्याळात दीड वाजत होता. मी यादी पाचला बंद होते ते सांगितलं, गावाचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं. ते म्हणाले, "कायद्याला सोमवार नसतो." मग खुर्ची मागवली, कोरे कागद मागवले, पेन झटकून पाहिलं. पंच दोन हवेत. एक म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला एक गृहस्थ धरून आणला. दुसऱ्या पंच म्हणून सरपंचबाईंना उभं केलं.

नायबसाहेबांचं अक्षर फार सुरेख होतं. आयुष्य जमिनी मोजण्यात गेल्यामुळे त्यांना चतुःसीमा लिहिल्याशिवाय कशाचंच वर्णन करता येत नसे. त्यांनी लिहिलं: सदर पेटीच्या पूर्वेस भिंत, पश्चिमेस टेबलाचा पाय, दक्षिणेस रिकामा माठ, उत्तरेस प्रतिनियुक्तीवरील शिक्षक. मी जागेवरून हललो तर म्हणायचे, "थांबा हो, सीमा बदलते."

"साहेब," सरपंचबाई म्हणाल्या, "आमच्या हिरीचा पंचनामा करायला महिना लागला. ह्याला किती लागतो?"

"रीतसर होऊ द्या, बाई."

"व्हऊ द्या. सोमवारी बायकांच्या घागरीत रीतच वतते."

दाखल्यासाठी आलेले गृहस्थ हसले. त्यांना पंच म्हणून हसता येत नाही असं सांगण्यात आलं.

दोन वाजून गेल्यावर स्क्रू काढायची परवानगी मिळाली. झाकण बाजूला झालं. आत धूळ, पंखा, वायरींचं जाळं. आणि डिस्क बसते त्या खणात काहीच नाही. दोन वायरी मोकळ्या लोंबत होत्या.

सकाळी सव्वादहापासून तो संगणक एकच गोष्ट सांगत होता, दरवेळी त्याच शब्दांत, आवाज न चढवता: ड्राइव्ह नाही. त्या कचेरीत त्या दिवशी खरं बोलणारा तेवढा एकच होता, आणि मी त्याला खोटं पाडण्यासाठी नांदेडहून माणूस उभा केला होता.

"चोरी," नायबसाहेब म्हणाले आणि त्यांनी नवा कागद घेतला.

मी मात्र दुसराच हिशोब करत होतो. डिस्क गेली म्हणजे अहवाल गेला. अहवाल गेला म्हणजे तीन खाती, एक जीप, पुन्हा महिना. सरपंचबाईंना हे सांगायची गरज नव्हती. त्या पेटीसमोर उकिडव्या बसल्या होत्या आणि रिकाम्या खणात पाहत होत्या, कोरड्या विहिरीत पाहण्याची सवय झालेल्या माणसासारख्या. मग त्यांनी आत हात घातला.

"बाई! मुद्देमाल आहे तो!"

"आवो साहेब, मुद्देमाल गेलाय. ह्ये काय हाय बघा."

त्यांच्या चिमटीत कडुलिंबाची डहाळी होती. नुकतीच सुकू लागलेली, पानं अजून हिरवट. खणात आणखी चार-सहा पानं नीट पसरलेली होती.

"चोर पाला टाकून जातो व्हय?" सरपंचबाई म्हणाल्या. "आमी ज्वारीत टाकतो असा. किडा लागू नये म्हणून."

नायबसाहेबांनी पेन थांबवलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्या इमारतीत कडुलिंबाचा पाला वापरणारा माणूस एकच होता.

अभिलेख कक्ष व्हरांड्याच्या पार टोकाला, पायऱ्या उतरून. तालुक्यातली तेवढीच एक थंड खोली. रेकॉर्डकीपर अप्पा निवृत्तीला आलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, टेबलावर आरशासारखी स्वच्छता. छतापर्यंत लाकडी फळ्या आणि त्यावर लाल कापडात बांधलेले दप्तराचे रुमाल, ओळीने. प्रत्येक रुमालात कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या. खालच्या फळीवर निजामाच्या काळातले उर्दू कागद होते. ते वाचता येणारा आता कुणी उरला नव्हता, पण अप्पांच्या पाल्यामुळे त्यांना वाळवी लागली नव्हती.

"शरणार्थ," अप्पांनी लिंगायती नमस्कार केला. "या. आज बरी गर्दी."

"अप्पा, कंप्युटरमधलं काही इकडं आलंय का?" मी विचारलं.

"आलंय की. मीच आणलंय."

ते शांतपणे उठले, स्टूल घेतलं, वरून दुसऱ्या फळीवरचा एक छोटा रुमाल उतरवला. गाठ सोडली. आत पाला, दोन डांबराच्या गोळ्या आणि मधोमध आमची हार्ड डिस्क. दोऱ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी: टंचाई शाखा, संगणकातील अभिलेख, एक नग. वर्ग 'अ', कायम जतन.

मला वाटतं, अख्ख्या मराठवाड्यात इतक्या निगुतीने ठेवलेली हार्ड डिस्क दुसरी नसेल.

"कोणी सांगितलं होतं हे करायला?" नायबसाहेब कडाडले.

अप्पांनी चष्मा पुसला. "साहेब, तुमचा आदेश हाय. सर्व शाखांनी अभिलेख जमा करावेत. बाकीच्या शाखांनी आणून दिले न्हाईत. मी वाट पाहिली, मंग मीच एकेक जमा करायला लागलो. टंचाई शाखेचं कागदावर काहीच न्हाई, समदं त्या पेटीत. बुधवारी इन्व्हर्टर दुरुस्त करायला माणूस आल्ता. त्याला इचारलं, बाबा, ह्यात लिहिलेलं कुठं ऱ्हातं? त्यानं दाखवलं. म्हटलं, काढून दे."

"आणि कुणाला सांगितलं नाही?"

"गुरुजी शाळेत होते. त्यांच्या खणात पोच ठेवली. आवक रजिस्टरला नोंद हाय. जमा यादीवर मंजुरीची सही हाय."

"कुणाची सही?"

अप्पांनी रजिस्टर फिरवून पुढे केलं. नायबसाहेबांची सही त्यांच्या अक्षराइतकीच सुरेख होती.

नव्या जिल्ह्याचा तो आदेश वाचल्याची सही ज्यांनी केली होती, त्या सगळ्यांत तो खरोखर वाचलेला माणूस म्हणजे एकटे अप्पा. एवढ्या मोठ्या कचेरीत आदेश पाळणारा कुणी असेल, ही शक्यता आदेश काढणाऱ्यानेही गृहीत धरली नव्हती. रागावावं कुणावर ते मला कळेना. मी खण उघडून पाहिला. पोच होती. दोन दिवसांपासून होती. सकाळी दहा वाजता पेन्सिल शोधायला तोच खण मी अर्धा उघडला होता.

नायबसाहेबांना वस्तू मिळाल्याचा वेगळा पंचनामा करायचा होता. सरपंचबाई म्हणाल्या, "मी पंच न्हाई आता. मी सरपंच हाय." आणि डिस्क अप्पांच्या हातून घेऊन, पदराने पुसून, माझ्या हातात दिली. अप्पा म्हणाले, "मागणीपत्र लागंल." मी उभ्या उभ्या लिहून दिलं. परताव्याच्या तारखेच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाले, "कायम जतन हाय, लवकर आणा."

पावणेतीनला डिस्क बसवली, वायरी खोचल्या. पेन्सिल, निळा पडदा, भाषा, अटी. चौकोनात दोन ओळी उमटल्या. एवढ्या साध्या दोन ओळी मी आयुष्यात इतका वेळ पाहिल्या नसतील. तळहातावरचं वाचलं, पहिली निवडली, पुसली. फाइल्स उतरू लागल्या.

आणि वीज गेली. भारनियमन चारपर्यंत.

इन्व्हर्टर होता, परवाच दुरुस्त झालेला, पण त्यावर नायबसाहेबांच्या खोलीतला पंखा आणि कूलर चालायचा. कूलरमध्ये पाणी नव्हतं, तरी तो चालायचा. मी त्यांच्या दारात उभा राहिलो. ते घाम पुसत नकाशाच्या काचेकडे पाहत होते. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी काही लेखी मागितलं नाही. स्वतः उठले, कूलरची पिन काढली आणि म्हणाले, "वायर पुरते का बघा." मग रजिस्टरने वारा घेत बसले.

सव्वाचारला नवी सिस्टीम लागली. दुसरा भाग जसाच्या तसा होता. सरपंचबाईंच्या गावाचा अहवाल, तीन सह्या, तीन शिक्के, तिसरा जरा तिरका. मेकॅनिकचा फोन आला, "क्या हुआ सर?" मी म्हटलं, डिस्क फळीवर होती. तो म्हणाला, "ऐसा पहली बार सुना," आणि ठेवला.

संकेतस्थळ उघडलं. त्याने अहवाल जास्त जड आहे म्हणून परत दिला. हलका केला, तर अस्पष्ट आहे म्हणाला. मधल्या वजनाचा दिला. पाचला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: प्रस्ताव सादर झाला. खाली चौदा आकडी क्रमांक. मी खुर्चीला टेकलो. अप्पा पायऱ्या चढून बघायला आले होते, त्यांनीही मान डोलावली.

"झालं, मावशी."

"कुठं गेलं?"

"नांदेडला. पोचलंसुद्धा."

सरपंचबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गुरुजी, लई केलं तुमी. आता तेवढा कागद काढून द्या मला."

"कागदाची गरज नाही आता. कागद घेतच नाहीत."

"न घेऊ द्या. द्या तर."

मी प्रिंट काढून दिली. त्यांनी पिशवीतून पॅड काढलं, गावाचा शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला, कागदाची घडी पदरात बांधली. साडेपाचची गावाची गाडी त्यांनी सोडून दिली आणि नांदेडच्या गाडीत बसल्या. तिथे त्यांची लेक दिली होती. शनिवारी सकाळी त्या बैठकीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्याचं मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. बैठकीतले मोठे साहेब जेवायला उठले तेव्हा त्यांनी कागद त्यांच्या हातात दिला आणि ते वाचून होईपर्यंत वाट सोडली नाही.

शेतकऱ्याने त्यांच्या शब्दाखातर मोटार आणखी तीन दिवस चालू ठेवली. चौथ्या दिवशी सरपंचबाईंचा फोन आला. मागे बायकांचा आणि घागरींचा एवढा गलका होता की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. "गुरुजी, आला बगा टँकर! डिझेलचा वास मारतोय पाण्याला, पण आलाय!"

मंजुरीच्या आदेशाची प्रत आठवड्याभराने आमच्या टेबलावर आली. मी ती संगणकात स्कॅन करून ठेवली. त्यात वर संदर्भ दिला होता: १) सरपंच यांनी समक्ष सादर केलेला अर्ज. आमचा चौदा आकडी क्रमांक कुठेच नव्हता; दोन क्रमांकाचा संदर्भच नव्हता.